दंडावरची बोटं

करिश्माने अंजनाबाईंचा अंगठा तिसऱ्यांदा यंत्रावर दाबला, यंत्र तिसऱ्यांदा लाल झालं आणि तेवढ्यात अंजनाबाईंचा पदर खांद्यावरून घसरला. घडलं ते एवढंच. बल्लारपूरच्या त्या सेतू केंद्रात दिवसाकाठी असे कितीतरी पदर घसरत असतील. रेशन कार्डाच्या ई-केवायसीसाठी म्हाताऱ्याकोताऱ्यांची रांग बाहेर चपलांच्या ढिगापर्यंत गेली होती, पंखा गरम हवाच फिरवत होता आणि करिश्मा, जी मुळात हसऱ्या तोंडाची बाई, सकाळपासून अंगठे पुसून पुसून कंटाळली होती. "आजी, अंगठा घासून गेला तुमचा, रेषाच नाई राह्यल्या," असं म्हणत तिने अंजनाबाईंचा हात कोपराखालून उचलून नीट धरला आणि मग तिची नजर ब्लाउजच्या बाहीखाली गेली. तिथे बाहेरच्या बाजूला जांभळ्या-काळ्या रंगाचे चार डाग एकाखाली एक होते. आतल्या बाजूला एकच होता, जरा मोठा. हा माणसाचा पंजा आहे हे ओळखायला शिक्षण लागत नाही. करिश्माने दंड पाहिला, मग काउंटरवर टेकलेला वामनरावांचा हात पाहिला, मग वामनरावांचं तोंड पाहिलं. आवाज खाली आणून तिने विचारलं, "आजी, घरी बरं हाये ना सगळं?" वामनरावांकडे उत्तर तयार होतं. वय झालं की कातडी पातळ होते, नुसतं धरलं तरी रक्त उतरतं, डॉक्टरांनी सांगितलंय. पण ज्या माणसाने एकतीस वर्षं एसटीत 'चला, पुढे सरका, मधी जागा हाये' असं सकाळपासून संध्याकाळपर्यंत ओरडून काढली, त्याच्या तोंडून एक अक्षर फुटेना. आणि अंजनाबाई तरी काही बोलतील की नाही? त्यांनी पदर सावरला आणि यंत्राकडे पाहत विचारलं, "लागला का अंगठा?"

अंगठा लागला नाहीच. पुढच्या आठवड्यात डोळ्यांचं यंत्र येईल तेव्हा या, असं करिश्मा म्हणाली, आणि हे ती वामनरावांकडे न बघता म्हणाली. ऑटोत बसून दोघं घराकडे निघाले. मिलचा दोनचा भोंगा झाला, वेकोलिच्या खाणीतल्या कोळशाच्या गाड्या धूळ उडवत गेल्या, ऑटोवाल्याने वाघ परवा कोणत्या वस्तीत दिसला ते सांगायला घेतलं, पण वामनरावांचं लक्ष नव्हतं. शेवटी त्यांनी विचारलंच, "तू काऊन बोलली नाई?"

"काय बोलू?"

"का म्हातारपणानं होऊन राह्यलं म्हणून."

"ते तं विचारत होती का घरी बरं हाये म्हणून."

"मंग?"

"मंग काय," अंजनाबाई म्हणाल्या आणि बाहेर बघू लागल्या.

आता या 'मंग काय'चा अर्थ काय लावायचा? वामनराव तो घरी येईपर्यंत लावत राहिले, घरी आल्यावर वरण टाकतानाही लावत राहिले. तीन वर्षं झाली होती, अंजनाबाईंचे गुडघे गेल्यापासून आणि दम्याने त्यांना पार पिळून काढल्यापासून घरातलं सगळं तेच करत होते. स्वयंपाक, भांडी, बायकोची आंघोळ, वेणी, औषधं. विहारात बाया आपापल्या नवऱ्यांना त्यांचं उदाहरण द्यायच्या. वामनभाऊसारखी सेवा कोणी करत नाई, असं म्हटलं की वामनराव मान हलवायचे, पण आतून त्यांना गुदगुल्या व्हायच्या. माणसाला चांगलं म्हणवून घ्यायला आवडतं, त्यात वामनरावांचं काही वेगळं नव्हतं. आणि या सेवेचीच बोटं आता तिच्या दंडावर उमटत होती. कारण धरायची त्यांची एकच रीत होती. राजुरा-जिवती गाडीवर घाटातल्या थांब्यांवर म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, डोक्यावर गाठोडी असलेले कोलाम आदिवासी, सगळ्यांना ते दारातून दंडाला धरून वर ओढायचे. कोपराच्या वर चार बोटं बाहेरून, अंगठा आतून. एक हिसका, माणूस आत, मग दोरी ओढली की गाडी सुटली. हाताला तेच वळण पडलं होतं. बायकोला खाटेवरून उठवतानाही पंजा आपोआप तिथेच जायचा, फक्त हिसका द्यायचे नाहीत. हळू धरायचे. देवाशपथ म्हणायची त्यांना सवय नव्हती, बाबासाहेबांच्या फोटोकडे बघून त्यांनी मनात म्हटलं, हळूच धरतो मी.

रोज सकाळी ते तिचे हात बघू लागले. आधी नाही बघायचे, आता बघायचे. मनगटापासून वर जिथे-तिथे डाग होते, काही पैशाएवढे, काही तळहाताएवढे, आणि कातडी अशी झाली होती की खालच्या शिरा मोजून घ्याव्यात. कपाटाचं दार लागलं की डाग, बांगडी दाबली गेली की डाग. यातलं एक त्यांच्या ध्यानात आलं ते असं की हे डाग रंग बदलत नव्हते. मार लागला की आधी लाल, मग निळं, मग कडेने हिरवट, मग पिवळं पडून आठव्या-दहाव्या दिवशी सगळं साफ. हे त्यांना चांगलं माहीत होतं. हे डाग मात्र जांभळे ते जांभळेच राहायचे आणि जाताना मागे तपकिरी छाया ठेवून जायचे. म्हणजे हा मार नव्हेच. मारापेक्षा हे वेगळं आहे हे कोणालाही पटावं. पण कोणाला पटवायचं? करिश्माला? तिने आणखी चौघींना सांगितलं असेल तर त्या चौघींना?

खरं तर करिश्माची त्यांना तेवढी भीती नव्हती. शनिवारी रिना येणार होती. रिना त्यांची थोरली, नागपूरला शाळेत शिकवते, सत्तेचाळीस वर्षांची बाई, पण बापासमोर उभी राहिली की अजून दारात उभी असल्यासारखी वाटते. फोनवर ती गेले दोन महिने म्हणत होती, आईले काही दिवस माझ्याकडे आणतो. वामनराव दर वेळी, उन्हाळा जाऊ दे, म्हणून टाळत होते. कारण अंजनाबाई गेल्या तर या घरात त्यांनी काय करायचं? कोणासाठी पाच वाजता उठायचं? हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, स्वतःला तर अजिबातच नाही. आणि आता रिना येणार, आईची वेणी घालायला बसणार आणि तिला ती पाच बोटं दिसणार. दुसऱ्या कोणाला समजावता येईल. रिनाला कसं समजावणार? रिनाने पाहिलं होतं. सहा वर्षांची होती, विसरली असेल असं वामनराव धरून चालले होते. चाळीस वर्षं धरून चालले होते.

एकदाच झालं होतं ते. वामनरावांच्या हिशेबी एकदाच, आणि त्याला कारणही तसंच होतं. अंजना रिनाला घेऊन माहेरी निघाली होती, नेमकी त्यांच्याच गाडीत राजुऱ्याला चढली. घरच्या माणसाचं तिकीट काय फाडायचं, कुटुंबाचा पास आहेच, म्हणून ते तिच्यासमोरून पुढे गेले. घाटाच्या पायथ्याला चेकिंगवाले चढले. पास कुठे आहे? पास घरी, कोनाड्यात. एवढी गर्दी, ओळखीची सगळी माणसं, आणि त्यांच्यासमोर साहेबाने त्यांची बॅग काढून घेतली. तीन महिने निलंबन. कारणे दाखवा, खुलासा द्या, परत खुलासा द्या. अंजना माहेरी न जाता पायथ्यावरूनच परत फिरली होती. त्या संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी अंजनाला चुलीपासून दंडाला धरून ओढत अंगणापर्यंत आणलं. पुढचं त्यांना तुकड्या-तुकड्याने आठवायचं. तिने हात वर केला नव्हता. ओरडलीही नव्हती. भाकरीचं पीठ तिच्या बोटांना तसंच होतं. दारात रिना उभी होती, हातात काहीतरी खात होती आणि खायची थांबली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अंजना डोक्यावर दोन हंडे घेऊन हापशीवरून आली, तेव्हा वामनरावांनी अंथरुणात पडल्या पडल्या, डोळे किलकिले करून तिच्या हाताकडे पाहिलं होतं. हात साफ होता. अठ्ठावीस वर्षांची बाई, तेंदूपानं तोडलेली, मातीच्या टोपल्या वाहिलेली, तिचं अंग कसलं घट्ट! एक वळ नाही. म्हणजे फार लागलं नसावं, असं तेव्हा त्यांनी ठरवलं आणि त्या साफ हातावर त्यांनी पुढचा सगळा संसार निभावून नेला. आता त्या हातावर चार आणि एक अशी बोटं बघताना त्यांना भलतंच वाटू लागलं. वाटू लागलं की हे आजचं नाहीच. आत इतकी वर्षं राहिलेलं, कातडी पातळ झाल्यावर दिसायला लागलं. डॉक्टर काहीही म्हणोत. भर दुपारी वामनराव उगाचच उठून माठात पाणी भरू लागले.

बुधवारपासून त्यांनी तिला हाताने धरणं सोडलं. टॉवेल कमरेभोवती घ्यायचा, दोन्ही टोकं पुढून धरायची आणि उठवायचं. जमत होतं. अंजनाबाईंना आवडलं नाही. "बैलाले बांधल्यावानी काऊन धरता?" त्यांनी विचारलं. "तुह्याच हातासाठी," वामनराव म्हणाले. "हाताले काय झालं?" अंजनाबाई म्हणाल्या, आणि वामनरावांना परत त्या बोलण्याचा तळ लागेना. ही भोळेपणाने विचारते की मुद्दाम? पन्नास वर्षं शेजारी झोपलेल्या बाईच्या मनात काय आहे हे आपल्याला कळत नाही, याची त्यांना लाज वाटली. त्याहून जास्त राग आला. राग आला तसा तो गिळला, कारण आता रागाचीही भीती वाटत होती.

गुरुवारी टॉवेल ओला होता, दोरीवर. न्हाणीच्या उंबऱ्यापाशी अंजनाबाईंनी नेहमीसारखा हात पुढे केला. तीन वर्षांची सवय, त्यांनी वामनरावांकडे बघितलंही नाही, हात पुढे केला आणि भार टाकला. वामनरावांचा पंजा निघाला. निघाला आणि मध्येच थांबला, कारण समोर तो दंड होता, परवाची बोटं जेमतेम तपकिरी व्हायला लागलेली, आणि शनिवारला दोनच दिवस राहिले होते. किती वेळ थांबला असेल? श्वास घ्यावा इतका. तेवढ्यात अंजनाबाई खाली बसल्या होत्या, नडगी उंबऱ्याच्या कडेला घासली होती आणि कांद्याचा पापुद्रा सुटावा तशी पायाची कातडी गुंडाळून वर गेली होती. रक्त आधी आलंच नाही, मग आलं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी पायाकडे पाहिलं नाही. वामनरावांचा हात अजून तसाच हवेत होता, त्या हाताकडे त्यांनी पाहिलं, आणि वामनरावांना ती नजर सहन झाली नाही.

दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती, कामाला वाकबगार. तिने ती कातडी ओल्या बोळ्याने परत जागेवर पसरली, वर न चिकटणारी जाळी ठेवली आणि पट्टी गुंडाळली. "चिकटपट्टी कधी लावायची नाही बाबा, काढताना कातडी घेऊनच निघते." तिने सांगितलं की म्हातारपणी हे व्हायचंच, त्यात दम्यासाठी यांनी वर्षानुवर्षं ज्या गोळ्या घेतल्या त्यांनी कातडी आणखी हलकी झाली आहे, खालच्या नसांना आधारच नाही. गोळ्या मनानेच बंद करू नका, घरात टोकदार काही ठेवू नका, पूर्ण बाह्यांचं काहीतरी घाला, खोबरेल लावा. वामनराव मान हलवत होते. मग खाकरून म्हणाले, "मॅडम, हे तुमी कागदावर लिहून द्यान का?"

"कशासाठी?"

"रेकॉर्डले राहू द्या."

तिला गंमत वाटली असावी. तिने लिहिलं, रुग्णाच्या हातांवरील डाग वयोमानामुळे व दीर्घकाळच्या औषधांमुळे आलेले आहेत. वामनरावांनी कागद हातात घेऊन वाचला, परत वाचला. "खाली एक ओळ टाकता का, मारहाणीचे नाईत म्हणून?" डॉक्टरीण लिहायची थांबली. तिने बाकावर बसलेल्या अंजनाबाईंकडे पाहिलं. "मी पाहते तेवढंच लिहिते, बाबा," ती म्हणाली, "घरात काय होतं ते मी पाहिलेलं नाही." वामनरावांनी कागदाच्या चार घड्या केल्या आणि तो वरच्या खिशात ठेवला. खुलासा, सही, शिक्का. आयुष्यात एवढ्या एका गोष्टीवर त्यांचा विश्वास होता, की कागद असला म्हणजे माणूस सुटतो.

शनिवारी रिना भाड्याची गाडी घेऊनच आली. ती चपला काढत होती, पाण्याचा पेला अजून तिच्या हातात होता, पहिला घोटही घेतला नव्हता, आणि वामनरावांनी तो कागद तिच्यापुढे धरला. "हे वाच. डाक्टरनं देल्लं हाये." रिनाने वाचला. उलटून मागची कोरी बाजूही बघितली. मग बापाकडे पाहिलं. "बाबा," ती म्हणाली, "मी काही विचारलं का?"

ती आत गेली. वामनराव बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले आणि आतलं ऐकत राहिले. आवाज येत होते, शब्द येत नव्हते. कंगवा ठेवल्याचा आवाज आला. त्यांना उठून आत जावंसं वाटलं, सांगावंसं वाटलं की तीन वर्षं मी हिचं हगलं-मुतलं काढलं, विचार तिला. पण असं सांगणारा माणूस कसा दिसतो ते त्यांना सकाळपासून कळत होतं. रिना बाहेर आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते. "आईले घेऊन जातो मी. माझ्या घरी उंबरे नाईत, कमोड हाये, दिवसा एक बाई राहते."

"किती दिवस?"

"पाहू."

वामनराव दारापाशी गेले. खाटेवर अंजनाबाई वेणी घालून, नवी साडी नेसून बसल्या होत्या. आता सगळं त्यांच्या एका शब्दावर होतं. नाई म्हण, वामनरावांच्या मनात चाललं होतं, म्हण की माझं इथी बरं हाये, यायच्या हातचं मले चालते. एवढं म्हण, बाकी काही मागत नाही. "तुले जायचं हाये काय?" त्यांनी विचारलं.

"जातो ना," अंजनाबाई म्हणाल्या. "पोरगी नेते म्हणते तं."

मग औषधांची पिशवी भरणं आलं, पंप, गोळ्या, पट्ट्या, रिपोर्ट. गाडीपाशी वामनरावांना राहवलं नाही. "रिना, पंज्यानं धरू नको तिले. खालून हात दे, तळव्यावर घे कोपर." रिनाने दार उघडं धरलं होतं. ती न वळताच म्हणाली, "धरायचं तुमी नका शिकवू, बाबा." आणि मग वामनरावांना कळलं की ती काहीच विसरलेली नव्हती. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली, समोरच्या घरातली बाई गेटात उभी राहून पाहत होती, वामनरावांनी तिला उगाच हसून दाखवलं आणि आत येऊन कडी लावली.

दोन दिवस त्यांनी धड स्वयंपाक केला नाही. पाच वाजता जाग यायची ती यायचीच. उठून ते तिच्या खाटेकडे वळायचे, मग आठवायचं. एकदा गॅसची टाकी सरकवताना त्यांच्या स्वतःच्या मनगटामागे टाकी घासली आणि दहा मिनिटांत तिथे तसाच जांभळा डाग फुलला. त्यांचीही कातडी जायला लागली होती की. ते त्या डागाकडे बघत बसले. दुखत नव्हतं अजिबात. याचा कागद कोणाला दाखवायचा, असं मनात येऊन त्यांना हसू फुटलं. घर सुनं होणं म्हणजे काय ते लोक सांगतात, पण त्यात माणसाला स्वतःच्याच चपलांचा आवाज किती मोठा येतो हे कोणी सांगत नाही.

मंगळवारी दुपारी रिनाचा फोन आला. ती रडत होती. "काय झालं? पडली काय?"

"नाई, पडली नाई," रिना म्हणाली. "काल आंघोळीहून उठवताना मी तिले धरलं. हळूच धरलं होतं बाबा, खरंच हळूच. आज पाह्यलं तं पाच बोटं. माझी बोटं. मी लावून पाह्यली."

वामनरावांना आनंद झाला. खोटं कशाला बोला, एखाद्याला तीन महिन्यांनी कामावर घ्यावं तसा मोकळा, उघडा आनंद झाला, पोरीचं रडणं कानात चालू असताना झाला. पाह्यलं? हा शब्द अगदी ओठांपर्यंत आला होता. तो म्हटला असता तर कोणी त्यांना दोष दिला नसता, उलट रिनानेच माफी मागितली असती, कदाचित शनिवारी गाडी परत आली असती. तो शब्द त्यांनी तोंडात धरून ठेवला आणि तो तोंडातच कडू झाला. पोरगी म्हणत होती, हळूच धरलं होतं. तेही हेच म्हणत होते. दोघांचं खरं होतं. पण पोरीला एवढंच म्हणायचं होतं, आणि त्यांचं तेवढ्यावर भागत नव्हतं.

"रडू नको बाई," ते म्हणाले. "तू हळूच धरलं असशीन. आता आता मीबी हळूच धरत होतो. पण ते चेकिंग झाली ना, त्या दिवशी... त्या दिवशी मी हळू नव्हतं धरलं."

पलीकडे रडणं थांबलं. "मले माहीत हाये, बाबा," ती म्हणाली. मग म्हणाली, "आईले देतो."

फोन हातातून हातात गेला. अंजनाबाईंच्या श्वासाची ओळखीची शिट्टी आली. "जेवले काय?" त्यांनी विचारलं.

"जेवलो. अंजना, मले तुले एक सांगाचं हाये." इतकी वर्षं न निघालेलं, निघालं ते भराभर निघालं. "मी तुले मारलं होतं. त्या दिवसाचं मले बोलाचं हाये. चूक झाली मह्याकडून."

अंजनाबाईंनी विचारलं, "कोन्त्या दिवसाचं?"

आवाजात टोमणा नव्हता, रुसवा नव्हता. खरंच कोणता ते न कळून विचारावं तसं विचारलं होतं. "तो नाई काय, चेकिंगचा," वामनराव म्हणाले, "पास घरी राह्यला होता तो."

"हौ, तो व्हय," अंजनाबाई म्हणाल्या. "तो तं रिनालेबी माहीत हाये. मी म्हटलं बाकीच्याइतला कोन्ता."

वामनराव खुर्चीच्या कडेवर बसले. बाकीचे म्हणजे, असं विचारायला त्यांनी तोंड उघडलं, आणि विचारायची गरज पडली नाही. वरणात मीठ नव्हतं तो दिवस आला. तिचा भाऊ न सांगता आला होता तो आला, त्या दिवशी भाऊ बाहेरच्या खोलीत बसलेला होता. धाकटा प्रफुल तिच्या पोटात होता तो आला. मागून आणखी येत होते, एकही हरवलेला नव्हता, त्यांनी फक्त कधी हाक मारली नव्हती. पिवळ्या पडत चाललेल्या कडा, आठवा दिवस, दहावा दिवस, बाही खाली ओढून घेतलेली. फोन कानाला तसाच होता. आपण बोलत नाही आहोत हे त्यांच्या लक्षात आलं, पण कुठून सुरुवात करावी ते कळेना.

"बोला ना," अंजनाबाई म्हणाल्या. "मी आयकून राह्यली."